शिष्यवृत्तीची वाट आठवीपासून

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. गावात पेढे वाटले जातात, चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स झळकतो आणि पंधरवड्याच्या आत कॉलेजच्या फीचा आकडा घरात येऊन बसतो. मग धावपळ सुरू होते. कुणी म्हणतं, टाटांकडून मिळते म्हणे. कुणी म्हणतं, महाडीबीटीवर फॉर्म भरून टाक. कुणी पुढाऱ्याच्या पत्राचा मार्ग सुचवतं. या धावपळीतून काहींना शिष्यवृत्ती मिळतेही. पण तोवर निम्म्या वाटा बंद झालेल्या असतात. एकीसाठी आठवीतच परीक्षा द्यायला हवी होती. दुसरीसाठी सरकारी प्रवेश फेरीतूनच जागा घ्यायला हवी होती. तिसरीला लागणारा दाखला निघायला तीन आठवडे लागणार असतात आणि मुदतीचे आठच दिवस उरलेले असतात.

न्हावरे हे शिरूर तालुक्यातलं मोठं गाव. शिरूर-चौफुला रस्ता आणि शिक्रापूरहून इनामगाव, काष्टीकडे जाणारा महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. घोडगंगा सहकारी साखर कारखाना याच शिवारात आहे. पलीकडे भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. इथली घरं ऊस, कांदा, दूध आणि रांजणगावच्या एमआयडीसीतली नोकरी यांवर चालतात. कांद्याला भाव लागला तर वर्ष निभतं, नाही तर सोसायटीचं कर्ज पुढच्या वर्षावर जातं. अशा घरातल्या मुलीला पुण्यात शिकायला ठेवायचं तर फी वेगळी, खोलीचं भाडं वेगळं, मेसचा डबा वेगळा. त्यामुळे शिष्यवृत्ती हा इथे मानसन्मानाचा विषय राहत नाही. पुढे शिकायचं की नाही, हेच पुष्कळदा तिच्यावर ठरतं.

आणि खरं तर या तालुक्याला शिष्यवृत्तीचं शिक्षण कुणी द्यायला नको. शिरूरच्या जिल्हा परिषद शाळा शिष्यवृत्ती परीक्षेच्या निकालासाठी जिल्ह्यात नावाजलेल्या आहेत. पिंपळे खालसासारख्या लहान गावाचं नाव गुणवत्ता यादीमुळे दूरवर गेलं. पुणे जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालयही याच तालुक्यात, शिक्रापूरला. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून चालत आलेली. ती आधी चौथी आणि सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला गेली आणि आता ती पुन्हा चौथी-सातवीकडे वळवण्याचा निर्णय झाला आहे. वर्ग कोणताही असो, गावाची तयारी तीच असते. सकाळी सातला जादा तास, रविवारी सराव चाचणी, उत्तरपत्रिकेतले गोल रंगवायचा सराव, पालकांची बैठक, आणि मुलागणिक मागे लागणारे गुरुजी.

हे सगळं आठवीनंतर थांबतं. दहा वर्षांच्या पोरासाठी अख्खी शाळा कामाला लागते आणि अठरा वर्षांच्या पोरीला मोबाइलवरच्या एका फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर सोडून दिलं जातं. पैशाचा विचार केला तर हे अगदी उलटं आहे. प्राथमिक शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाला काही हजारांत असते. पदवीच्या काळात मिळू शकणारी मदत लाखांत जाते. लहान वयात लावलेली शिस्त कॉलेजपर्यंत कशी न्यायची, एवढाच खरा प्रश्न आहे.

सुरुवात आठवीतल्या एनएमएमएस परीक्षेपासून करावी. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती हे तिचं मराठी नाव. केंद्र सरकारने २००८ मध्ये ती सुरू केली. देशभरात दरवर्षी एक लाख मुलं निवडली जातात आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा ११,६८२ चा. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारं, सातवीत ५५ टक्के मिळवलेलं (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के) आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेलं मूल परीक्षेला बसू शकतं. निवड झाली की नववी ते बारावी महिन्याला १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये थेट खात्यात येतात.

पेपर दोन. बौद्धिक क्षमता चाचणीत ९० प्रश्न, शालेय क्षमता चाचणीत ९० प्रश्न, प्रत्येकाला ९० मिनिटं. शालेय पेपरात विज्ञानाचे ३५, समाजशास्त्राचे ३५ आणि गणिताचे २० प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. जिल्ह्यांना वेगवेगळा कोटा असतो, म्हणजे न्हावऱ्याच्या मुलाची स्पर्धा मुख्यतः पुणे जिल्ह्यातल्या मुलांशीच असते.

एका प्रश्नाला एक मिनिट, हे ऐकायला सोपं वाटतं. ४, ९, १९, ३९ यांच्या पुढे काय? आधी तयारी न केलेलं मूल बेरजेचा नियम शोधत बसतं: पाच वाढले, मग दहा, मग वीस. इथवर आलं तरी पुरे, कारण पुढे चाळीस वाढणार आणि उत्तर ७९. पण सराव केलेलं मूल पहिल्या नजरेत म्हणतं, दुप्पट करून एक मिळवला. दोघांचं उत्तर बरोबर, फरक वीस सेकंदांचा. नव्वद प्रश्नांत हे वीस-वीस सेकंद अर्ध्या तासाच्या घरात जातात आणि शेवटचे पंचवीस-तीस प्रश्न वाचून होतात की नाही, हे त्यावर ठरतं. बुद्धी दोघांनाही तेवढीच आहे. एकाने अशा चारशे-पाचशे मालिका सोडवलेल्या आहेत, दुसऱ्याने नाहीत. ग्रामीण मुलं ‘बौद्धिक’ला घाबरतात, पण सगळ्यांत लवकर वाढणारे गुण याच पेपरात असतात. तो पाठ करायचा नसतो, हाताला सवय लावायची असते. घड्याळ लावून आठवड्याला एक पेपर सोडवायला जूनपासून सुरुवात केली की डिसेंबरपर्यंत वीसएक पेपर सहज होतात.

परीक्षेत पात्र ठरूनही कोट्यात नाव न बसलेल्या मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपयांची. म्हणजे थोडक्यात हुकलं तरी परीक्षा वाया जात नाही. आणि निवड झालेल्यांनी ध्यानात ठेवावं की दहावीत साठ टक्के मिळाले नाहीत तर अकरावीपासून हप्ते थांबतात (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांची सवलत), आणि नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो. दहावीच्या गडबडीत तो अर्ज राहून जातो आणि मिळवलेली शिष्यवृत्ती हातची जाते. परीक्षेत नापास झाल्याचं दुःख तरी समजू शकतं. हे दुःख मात्र उगाचचं असतं.

आता बारावीकडे येऊ. कॉलेज आणि विद्यापीठातल्या मुलांसाठी केंद्राची जी मुख्य गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे, तिला पीएम-यूएसपी म्हणतात. दरवर्षी देशभरात ८२,००० नव्या मुलांना ती मिळते. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल १२,००० आणि पदव्युत्तरला दरसाल २०,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख. गुणांची अट मात्र पुष्कळ पालक चुकीची वाचतात. अट ‘८० पर्सेंटाइल’ अशी आहे, ८० टक्के अशी नाही. आपल्या बोर्डात आपल्या शाखेतून बसलेल्या मुलांची गुणांप्रमाणे रांग लावली, तर जे मूल ऐंशी टक्के मुलांच्या पुढे उभं आहे ते पात्र. त्या वर्षी पेपर अवघड गेले असतील तर ही रेषा खाली येते, सोपे गेले तर वर चढते. त्यामुळे ७४ टक्के गुण पाहून ‘आपल्याला कुठली मिळते’ म्हणत अर्जच न करणं ही मोठी चूक आहे. मंडळाने जाहीर केलेली आपल्या शाखेची रेषा पाहावी आणि मग ठरवावं.

या योजनेतली आणखी एक गोष्ट न्हावऱ्यासारख्या गावांच्या फार कामाची आहे. राज्याच्या वाट्याच्या जागा विज्ञान, वाणिज्य आणि कला या शाखांत ३:२:१ अशा वाटतात आणि एकूण जागांतल्या निम्म्या मुलींसाठी राखीव असतात. म्हणजे कला शाखेच्या मुलीला स्वतःची रांग आहे. तिला लातूर-पुण्याच्या विज्ञानवाल्यांशी झुंजायचं नाही. गावाकडे समज असा की शिष्यवृत्ती म्हणजे सायन्सवाल्यांची. हा समज आधी मोडायला हवा. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र घेऊन बीए करणाऱ्या मुलीने पहिल्याच वर्षी हा अर्ज करावा. पहिल्याच वर्षी म्हणण्याचं कारण, नवा अर्ज फक्त तेव्हाच घेतात. दुसऱ्या वर्षी जाग आली तर उपयोग नाही. राज्याची दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी माफी घेत असाल तर ही मिळत नाही, म्हणून दोन्हींची बेरीज कागदावर मांडून जास्त लाभाची निवडावी.

विज्ञानाच्या हुशार मुलांसाठी इन्स्पायर आहे. आपल्या बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात असाल आणि बीएस्सी किंवा एकत्रित एमएस्सीला मूलभूत विज्ञान घेतलं, तर वर्षाला ८०,००० रुपये. त्यांतले ६०,००० रोख आणि २०,००० उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी. इंजिनिअरिंग आणि मेडिकलला ही लागू नाही. एवढे गुण पडले की घरचे इंजिनिअरिंगचा आग्रह धरतात, कर्जही काढतात. ज्या मुलाला खरोखर भौतिकशास्त्रात गोडी आहे त्याच्यासाठी बीएस्सी ही ‘काहीच मिळालं नाही म्हणून’ घ्यायची पदवी राहत नाही. या शिष्यवृत्तीवर पुण्यात राहून, खाऊन-पिऊन ती पुरी होते. निदान हा हिशेब घरात मांडला जावा, एवढीच इच्छा आहे.

इंजिनिअरिंग-फार्मसीच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी राज्याची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना शिक्षण शुल्काच्या आणि परीक्षा शुल्काच्या निम्म्या रकमेचा लाभ होतो. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना तर हे शुल्क शंभर टक्के माफ आहे. उत्पन्नाची मर्यादा सोडली तर मुख्य अट एकच आणि तीच मोडली जाते: प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा. जूनमध्ये एखादा एजंट ‘नंतर जागा राहणार नाही’ म्हणून भीती घालतो, बाप ऊसबिलातून डोनेशन भरतो, मुलगी व्यवस्थापन कोट्यातून आत जाते आणि चार वर्षांची माफी तिथेच संपते. हीच मुलगी दोन फेऱ्या थांबली असती तर कदाचित चौथ्या पसंतीचं कॉलेज मिळालं असतं, पण शुल्क शून्य. डिप्लोमा किंवा डिग्रीच्या तांत्रिक शाखेला गेलेल्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्तीही आहे, वर्षाला ५०,००० रुपयांची, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत.

आता कागदपत्रांचं बोलू. हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यांत जास्त अर्ज इथेच बाद होतात.

तहसील कचेरी शिरूरला, न्हावऱ्यापासून वीसएक किलोमीटर. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधी गावात तलाठी भाऊसाहेबांचा अहवाल (हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी), मग सेवा केंद्रातून अर्ज, मग तहसीलदारांची डिजिटल सही. जून-जुलैत साऱ्या तालुक्याची मुलं एकाच वेळी रांगेत येतात. एप्रिल उजाडला, नवं आर्थिक वर्ष लागलं, की त्याच महिन्यात हा दाखला काढून ठेवावा. अधिवास, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर हे तर अकरावीच्या सुट्टीतच उरकावेत. जात पडताळणीला महिने लागतात, आणि तिचा अर्ज बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत करता येतो.

नावांचा घोळ वेगळाच. आधारवर मुलाचं नाव आधी आणि आडनाव शेवटी, दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, बँकेच्या पासबुकात वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठेतरी एक अक्षर जास्त. पोर्टलला ही तीन वेगवेगळी माणसं वाटतात. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव हेच प्रमाण मानून आधार आणि बँक त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावं. ही दुरुस्ती नववीत सोपी असते, प्रवेशाच्या महिन्यात जिवावर येते.

आणि खातं. ‘आधार लिंक आहे’ असं बँकेतला माणूस सांगतो तेव्हा तो बहुधा केवायसीबद्दल बोलत असतो. सरकारी अनुदान मात्र एनपीसीआयच्या नोंदवहीप्रमाणे जातं. त्या नोंदवहीत एका आधारसमोर एका वेळी एकच बँक असते, आणि सगळ्यांत शेवटी जी जोडली गेली तीच चालू राहते. जिल्हा बँकेतलं खातं अर्जात लिहिलेलं असतं. मध्यंतरी मोबाइलचं सिम घेताना कुणीतरी अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असतं. शिष्यवृत्ती तिकडे जाऊन पडते. कधी ते खातं बंद पडलेलं असतं आणि रक्कम परत जाते. अर्ज भरण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहावं. दोन मिनिटांचं काम आहे. खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर असावं, वडिलांच्या जोडखात्यावर नको.

सरकारी योजनांत गुण आणि कागद बोलतात. खासगी संस्था आणि विश्वस्त निधींकडे गेलं की माणूस बोलावा लागतो. पुण्यात अशा संस्थांची चांगली परंपरा आहे. डॉ. अच्युत आपटे यांनी १९५५ मध्ये उभी केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यांतून येणाऱ्या गरजू मुलामुलींना राहण्या-जेवणाची सोय आणि कमवा-शिकाची जोड देते. लीला पूनावाला फाउंडेशन मुलींना इंजिनिअरिंग, नर्सिंग वगैरे शिक्षणासाठी मदत करतं. परदेशी शिक्षणासाठी जमशेटजी टाटांचा निधी १८९२ पासून आहे. तो कर्जरूप शिष्यवृत्ती देतो. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत दोन स्त्री डॉक्टर होत्या, आणि त्यांतल्या एक कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. अनुसूचित जातींतल्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती तर संपूर्ण खर्च उचलते.

अशा ठिकाणी अर्जात ‘स्वतःबद्दल लिहा’ अशी एक चौकट असते. आपली मुलं तिथे लिहितात: ‘मी अत्यंत प्रामाणिक, होतकरू व कष्टाळू विद्यार्थी असून माझी घरची परिस्थिती हलाखीची आहे.’ वाचणाऱ्यासमोर अशी पाचशे वाक्यं आलेली असतात. त्याला त्यातून काहीच कळत नाही. तीच मुलगी असं लिहू शकते: ‘आमच्या चार गाई आहेत. अकरावीपासून डेअरीची वही मी ठेवते. दहा दिवसांच्या बिलात फॅट ३.५ च्या खाली गेली की दर कापतात. उन्हाळ्यात असं का होतं हे पाहायला मी दोन महिने चाऱ्याची नोंद ठेवली. कडबा कमी आणि ओला चारा जास्त असलेल्या आठवड्यांत फॅट उतरलेली दिसली. वडिलांनी चाऱ्यात कडबा वाढवला.’ यात हलाखी हा शब्द कुठेच नाही, तरी घर दिसतं. होतकरू हा शब्दही नाही, तरी निरीक्षण, नोंद आणि त्यावरून केलेला बदल दिसतो. पशुवैद्यक, कृषी, दुग्धतंत्र यांतली कोणतीही निवड समिती या मुलीला मुलाखतीला बोलावेल.

खेड्यातल्या मुलांकडे असलं साहित्य भरपूर आहे, आणि त्यांना ते सांगण्याजोगं वाटत नाही हीच अडचण. ठिबकचा दाब शेवटच्या सरीला का कमी पडतो, विजेच्या पाळीचं वेळापत्रक गावाने कसं सांभाळलं, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातल्या पोरांना संध्याकाळी कोण शिकवतं. यांतलं जे तुम्ही स्वतः केलं तेच लिहा. न केलेलं रंगवू नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. मुलाखत मराठीत देता येईल का, असं विचारायला लाजू नये. पुण्यातल्या संस्थांत समोर बसलेली माणसंही बहुधा मराठीच असतात.

शिफारसपत्राचंही तसंच. गावात शिफारस म्हणजे सरपंच किंवा आमदार यांचं लेटरहेड असा समज आहे. निवड समितीला त्याचं काही मोल नसतं. मुलाला वर्षानुवर्षं पाहिलेल्या शिक्षकाचं एक पानाचं पत्र त्याहून कितीतरी जड. या बाबतीत महाराष्ट्रातलं सगळ्यांत मोठं उदाहरण कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचं. शाळकरी भीमराव आंबेडकरांची वाचनाची ओढ त्यांनी पाहिली होती. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा त्यांनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची मदत सुरू झाली. १९१२ मध्ये बीए झाल्यावर, १९१३ मध्ये बडोदा संस्थानाची दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळून आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या शिष्यवृत्तीला संस्थानाची दहा वर्षं चाकरी करण्याचा करार जोडलेला होता आणि मुदत संपताच लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पैसे कुठून येतात याबरोबरच ते कोणत्या अटीवर आणि किती काळ येतात, हे वाचूनच सही करावी, हेही त्याच प्रकरणातून शिकण्यासारखं आहे.

पुण्याच्या मातीत विद्येला पैशाचा आधार देण्याची रीत जुनी आहे. तळेगावच्या दाभाड्यांनी श्रावणात दक्षिणा वाटायला सुरुवात केली, ती पुढे पेशव्यांनी पुण्यात आणली. विद्वानांची परीक्षा घेऊन रक्कम ठरे, पण परीक्षेला बसण्याचा हक्क एकाच जातीला होता. इंग्रजी अमलात १८४९ मध्ये काही तरुणांनी अर्ज केला की या निधीतला भाग मराठी ग्रंथांसाठी खर्च व्हावा; सनातन्यांचा रोष ओढवला तेव्हा त्या तरुणांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले. पुढे त्याच निधीतून दक्षिणा फेलो नेमले गेले आणि न्यायमूर्ती रानडे त्यांतले एक. गुणवत्तेसाठी ठेवलेला पैसा खऱ्या गुणवत्तेपर्यंत पोचावा म्हणून या जिल्ह्यात आधीच भांडणं झालेली आहेत. आज दार सर्वांना उघडं आहे, पण वेळेवर दारापर्यंत पोचणं ज्याचं त्याच्यावर सोडलं आहे, आणि खेड्यातल्या घराला तेच सगळ्यांत अवघड जातं.

शिष्यवृत्ती मिळाली की काम संपलं असं नाही. बहुतेक योजनांत पुढच्या वर्षी ती चालू राहायला ७५ टक्के हजेरी आणि ठरावीक गुण लागतात. पुण्याहून गावाकडे ये-जा करणाऱ्या, कांदा काढणीला किंवा ऊसतोडीच्या गडबडीत पंधरा-पंधरा दिवस घरी थांबणाऱ्या मुलांची हजेरी इथे घसरते. घरच्यांनी हे समजून घ्यावं: त्या पंधरवड्यात वाचलेली मजुरी शिष्यवृत्तीच्या एका हप्त्यापेक्षा बहुधा कमीच भरते. पुणे विद्यापीठाच्या कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजनेत कॉलेजातच तासांवर काम मिळतं. हातखर्च त्यातून निघतो आणि हजेरीही राहते.

मग काय करायचं? शिष्यवृत्ती परीक्षेच्या लहान मुलांसाठी गुरुजी जे करतात तेच. न्हावरे आणि आसपासच्या प्रत्येक विद्यालयात आणि कनिष्ठ महाविद्यालयात एका शिक्षकाकडे फक्त शिष्यवृत्तीची वही असावी. आठवीच्या प्रत्येक मुलाचं नाव, उत्पन्न गट, प्रवर्ग, आधारवरचं नाव, बँक सीडिंग आणि पुढच्या चार वर्षांत त्याला लागू होणाऱ्या योजना, एवढं त्या वहीत. ज्या वर्षी ज्याचा अर्ज, त्या वर्षी त्याच्या घरी निरोप. ग्रामपंचायतीने एप्रिलमध्ये दाखल्यांचं एक शिबिर घ्यावं आणि तलाठी, सेवा केंद्र चालक आणि बँकेचा माणूस एका मांडवात बसवावा. गावातून शिकून पुण्यात नोकरीला लागलेल्या दहा-बारा जणांनी जुलै महिन्यात दोन रविवार गावी येऊन अर्ज भरून द्यावेत आणि मुलींच्या मुलाखतीचा सराव करून घ्यावा. यात कुठेही मोठा निधी लागत नाही.

तुमच्या घरात सातवी-आठवीत मूल असेल तर या आठवड्यातच शाळेत जाऊन एनएमएमएसच्या अर्जाची तारीख विचारून या. बारावीत असेल तर उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा आहे ते आजच काढून पाहा. आणि शेजारच्या घरातली मुलगी कला शाखेला असेल तर तिला सांगा की तिच्यासाठीही रांग आहे, आणि त्या रांगेतल्या निम्म्या जागा मुलींच्या आहेत.